मासळी वर का येते

श्यामसुंदर देवस्थळी कुणाचं पत्र अनुत्तरित ठेवणारे नव्हते. लग्नाच्या पत्रिकेला ते हाताने लिहिलेल्या शुभेच्छा पाठवत, बँकेच्या छापील पत्राची पोच देत. एकदा दुसऱ्याच कुणा देवस्थळींचं पत्र त्यांच्या पेटीत पडलं, तर त्या अनोळखी माणसालाही 'आपलं पत्र योग्य घरी पोचलेलं नाही' असं त्यांनी सविनय कळवलं होतं. राहिलं ते एकच, आणि म्हणूनच ते त्यांना पाठ होतं.

ते आलं होतं मागच्या वर्षी, दिवाळीच्या तोंडावर. गोड्या पाण्यातल्या माशांच्या आजारांवर त्यांनी एका मासिकात लेख लिहिला होता. लेखाखाली त्यांच्या जुन्या प्रयोगशाळेचं नाव छापलं गेलं, पत्र तिकडे गेलं, आणि तिथल्या कुणी भल्या माणसाने पत्ता खोडून घरचा घातला. आत वहीचा रेघांचा कागद होता.

'माशांचे डॉक्टर साहेब यांस. तुमचा लेख वाचला. बोनकोड्याजवळचा तलाव आम्ही गावच्या बायकांनी ठेक्याने घेतला आहे. पाऊस गेला की मासळी सकाळी वर येते, तोंड उघडते, मग दोन-चार दिवसांत उलटी होते. काहींच्या अंगावर लाल चट्टे असतात. मासळी वर का येते? आजार मासळीला आहे का पाण्याला? एवढे लिहा. पुतळा मढवी.'

हेच पत्र गोंदियाहून आलं असतं तर श्यामसुंदरांनी त्याच दिवशी चार पानं लिहिली असती. पण तो तलाव त्यांच्या कोपरखैरण्याच्या घरापासून चालत दहा मिनिटांवर होता. पाणी न बघता उत्तर देणं चूक, आणि बघायला जायचं तर माणसांशी बोलणं आलं. त्यांनी मसुदा केला. त्यात 'कदाचित', 'बहुधा', 'असेही असू शकते' यांचीच दाटी झाली. दुसरा केला, तर त्यात तीच मंडळी जागा बदलून बसलेली. मग थंडी पडली, पत्र शिळं झालं, आणि शिळ्या पत्राला उत्तर द्यायचं म्हणजे आधी उशिराचं कारण द्यावं लागतं. ते कारण काही त्यांना सुचेना.

या वर्षी अधिक महिना आला. त्यामुळे पितृपंधरवडा लांबला आणि ऐन ऑक्टोबरच्या उन्हात जाऊन पडला. पाऊस आठवडाभर आधीच थांबला होता.

श्यामसुंदरांची थोरली बहीण मालतीबाई त्यांच्याकडेच राही. वयाने मोठी, पण चालायला, बोलायला आणि चार बायका जमवायला भावाच्या दसपट उत्साही. पंधरवड्यात तिने एक नेम धरला. कागदाच्या बारीक पट्ट्यांवर रामनाम लिहायचं, पट्ट्या कणकेत वळायच्या आणि उजाडताच त्या गोळ्या तलावावर जाऊन माशांना घालायच्या. पितरांना पोचतं. बघता बघता त्यांच्या मंजिरी सोसायटीतल्या निम्म्या बायका स्टीलचे डबे घेऊन तिच्या मागून जाऊ लागल्या.

चौथ्या की पाचव्या दिवशी ती परत आली ती डोळे पुसतच.

"शाम, तुझे मासे भलतेच माणसाळलेत रे."

"माझे कसले?"

"जन्मभर त्यांच्या पोटात डोकावलास, म्हणजे तुझेच की. आता गोळी टाकायची सुद्धा वाट बघत नाहीत. आम्ही पोचायच्या आधीच सगळे वर. आ वासून! मला तर आपले अप्पाच आठवले. ते नाही का, ताट यायच्या आधीच तोंड उघडून बसायचे?"

श्यामसुंदरांनी चहाचा कप खाली ठेवला.

"आणि उशिरा गेलं तर? ऊन चढल्यावर?"

"खालची वैजयंती गेली होती परवा दहाला. एक मासा वर नाही. म्हणाली, पितर जेवून झोपले." मालतीबाई हसली. भाऊ हसला नाही. "का रे?"

"काही नाही," ते म्हणाले. ही त्यांची सवय होती. काही असलं की ते काही नाही म्हणत.

भुकेला मासा दुपारीही भुकेला असतो. जो फक्त पहाटे वर येतो आणि ऊन चढलं की खाली जातो, तो अन्न मागत नाही, हवा मागतो. तलावाचं पाणी फार सुपीक झालं की त्यात हिरवं शेवाळ माजतं. दिवसा ते पाण्यात प्राणवायू सोडतं आणि रात्री स्वतःच ओढून घेतं. तळाशी काही कुजत असेल तर ते उरलासुरला खातं. उजाडताना पाण्यात जवळजवळ काही शिल्लक राहत नाही. पावसाळ्यात नवं पाणी येत राहतं, म्हणून हे झाकून जातं. पाऊस गेला, ऊन तापलं की उघडं पडतं. हे सगळं श्यामसुंदर झोपेतही सांगू शकले असते. फक्त हा तलाव तसाच आहे का, हे त्यांनी पाहिलेलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी ते बहिणीबरोबर निघाले. मालतीबाईला वाटलं, भावाला उशिरा का होईना धर्मबुद्धी झाली.

तलावावर पाणी दिसतच नव्हतं म्हणायला हरकत नाही. दिसत होती ती तोंडं. कटला, रोहू, चिलापी, लहानमोठी शेकडो गोल तोंडं पृष्ठभागाला चिकटून उघडत होती, मिटत होती. पाणी हिरवंगार, वर पातळ साय धरल्यासारखं. बायका भक्तिभावाने गोळ्या टाकत होत्या. गोळ्या तोंडांच्या मधून सरळ खाली जात होत्या. एकही मासा त्या धरत नव्हता, पण हे कुणाच्या ध्यानात येत नव्हतं.

काठाच्या पायरीवर एक बाई मशेरी लावत बसली होती. नऊवारी आखूड नेसलेली, पन्नाशी ओलांडलेली. बायकांना ती जागा दाखवत होती. "हितून टाका, हितून. तिकडं शेवाल हाय, पाय सरकल." मग तिची नजर रिकाम्या हाताने उभ्या राहिलेल्या श्यामसुंदरांवर गेली.

"तुमी नाय टाकत गोल्या? तुमच्यातला कोन मेला नाय का?"

"मेलेत," श्यामसुंदर गडबडून म्हणाले. "पुष्कळ मेलेत."

"मंग टाका की. लाजता कशाला? आमची मासली फुकटची जाडी होते. मीच बोलवला या बायांना. पयल्या दिवशी फाटकाशी उभ्या होत्या, आत येवाला भीत होत्या. बोल्ली, या, तुमचं पुन्य, आमचा धंदा."

ती पुतळा मढवीच होती. श्यामसुंदरांना हे कुणी सांगावं लागलं नाही. त्यांनी घसा साफ केला.

"गेल्या वर्षी... या दिवसांत मासे मेले होते का?"

"मेले? काठाला ढीग लागला. यंदा मेले तर ठेका गेलाच समजा. वॉर्ड हापीसवाले बोलतात, तुमा बायांना मासली सांभालता येत नाय, आमी हितं कारंजा लावतो, पोरांना बोटी आनतो. दसऱ्याच्या मागून बोलवलाय आमाला. आमी पन अर्ज केलाय, तुर्भ्याच्या कंपनीवर. तिचंच पानी येतंय."

"तिकडचं पाणी इथे कुठून येतं?"

"येत असंल कुठून तरी. कंपनी काय सांगून सोडते?"

पुतळाबाई थुंकून आली आणि आपणहून पुढे म्हणाली, "एका सायबाला पत्र पन धाडला व्हता. माशांचा मोठा डाक्टर. वरीस झालं, उत्तर नाय. मेला असंल बिचारा."

श्यामसुंदर म्हणाले, "असेल."

आणि त्यांनी पलीकडच्या काठाकडे बघायला सुरुवात केली.

तिथे पावसाळी गटाराचा पाइप तलावात उतरत होता. पाऊस थांबून इतके दिवस झाले, म्हणजे तो कोरडा ठणठणीत हवा. पण तो वाहत होता. बोटभर जाडीची राखाडी धार, खाली फेस, आणि फेसाभोवतालचं पाणी बाकी तलावाहून गडद. बायका निघून गेल्यावर श्यामसुंदर त्या गटाराच्या कडेने उलटे चालत गेले. वर लाद्या होत्या. जिथे लादी फुटली होती तिथे ते पायजमा सावरून वाकत आणि आत बघत. येणाऱ्याजाणाऱ्यांना वाटलं असावं की म्हाताऱ्याची किल्ली पडली. एकाने विचारलंसुद्धा. ते "हो, हो" म्हणाले.

गटार रस्ता ओलांडून, शाळेच्या कुंपणाला वळसा घालून, एका मागच्या भिंतीपाशी आलं. भिंतीवर पिवळा रंग होता आणि त्यावर निळ्या अक्षरांत लिहिलं होतं: मंजिरी को-ऑप. हाउसिंग सोसायटी. येथे कचरा टाकू नये.

सोसायटीचे सेक्रेटरी रावसाहेब शेळके मूळचे नगरकडचे. माणूस कामाचा, सगळ्यांच्या अडीअडचणीला धावणारा. श्यामसुंदरांचं गॅसचं कनेक्शन त्यांनीच एका दिवसात लावून दिलं होतं. म्हणून तर बोलणं अवघड.

"रावसाहेब, आपल्या मागच्या पावसाळी गटारात पाणी कसलं आहे?"

"पावसाचं."

"पाऊस थांबला."

"मग राहिलेलं पावसाचं." रावसाहेबांनी म्हाताऱ्याच्या तोंडाकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. "काका, तुम्ही घरातले म्हणून सांगतो. मेन लाइन चोक झाली होती. तळमजल्याच्या संडासातनं पाणी उलटं यायला लागलं. बायामाणसं रडकुंडीला आली. तवा तात्पुरतं जोडून दिलं मागच्या गटाराला."

"केव्हा?"

"झाली असतील तीन-चार वर्षं."

"आणि तात्पुरतं?"

"परमनंट असतं तर मीटिंग घ्यावी लागली असती ना." रावसाहेब हसले, मग गंभीर झाले. "काका, तोंडी काय बोलायचं ते बोला. टेन्शन नाही. पण कागदावर आणू नका. कागद आला की सोसायटीचं नाव आलं, नाव आलं की नोटीस आली, आणि मग सगळे मला नाही, तुम्हाला विचारणार. आणि खरं सांगा, मासे त्याच्यानंच मरतात, हे तुम्हाला शंभर टक्के माहीत आहे?"

शंभर टक्के श्यामसुंदरांना काहीच माहीत नव्हतं. नोकरीत असताना त्यांचे अहवाल याच कारणासाठी सहीला थांबत, आणि दुसरा कुणी तरी सही करून मोकळा होई.

घरी आल्यावर त्यांनी बहिणीला मात्र सांगितलं. मालतीबाई पोळपाटाशी बसून उद्याच्या गोळ्या वळत होती.

"ताई, ते मासे भुकेले नाहीत. त्यांचा श्वास कोंडतोय. गोळ्या ते खात नाहीत. त्या तळाशी जाऊन कुजतात, आणि कुजताना आणखी हवा खातात."

मालतीबाईचे हात थांबले.

"म्हणजे अप्पांना दम लागला होता," ती म्हणाली, "आणि मी त्यांच्या तोंडात कणीक कोंबत होते."

"तसं नाही..."

"तसंच आहे." तिने पट्ट्या काढून देवापाशी ठेवल्या आणि कणीक पुन्हा मळायला घेतली. "दशम्या करते याच्या. आणि उद्या त्या बायकांना मी सांगते. तू सांगितलंस तर त्यांना कळेपर्यंत सर्वपित्री येईल. पण शाम, गोळ्या मी थांबवीन. गटाराचं काय?"

श्यामसुंदरांनी रावसाहेबांचं बोलणं सांगितलं. शंभर टक्के हा शब्द त्यांनी दोनदा उच्चारला.

"अप्पांना दम लागला त्या रात्री डॉक्टरांना माहीत होतं का शंभर टक्के?" मालतीबाई म्हणाली. "हृदय का फुप्फुस, ते दुसऱ्या दिवशी कळलं. पण आल्या आल्या ते काय म्हणाले? आधी खिडकी उघडा."

पुढच्या सकाळी आभाळ भरून आलं होतं. पाऊस नव्हता, वारा नव्हता. अशा दिवशी पाणी लवकर सावरत नाही. मालतीबाई तलावाच्या फाटकात उभी राहून डबे परतवत होती. "बायांनो, आज पितरांना लंघन. पोट बिघडलंय त्यांचं. प्रश्न विचारू नका, घरी चला." पायरीपाशी काही मासे उलटे तरंगत होते. पुतळाबाई कमरेवर हात देऊन त्यांच्याकडे बघत होती. तिने आज मशेरी लावली नव्हती.

श्यामसुंदर गुडघ्यावर बसले, एक रोहू उचलला, त्याच्या कल्ल्यावरचं झाकण बोटाने वर केलं. कल्ले पांढुरके, चिकट. खवल्यांच्या कडेला लाल डाग नुकते उमटत होते. त्यांनी दुसरा बघितला, तिसरा बघितला. माशाला हात लागला की त्यांचं अडखळणं थांबत असे.

"यांना हवा मिळत नाही," ते म्हणाले. "तुमच्याकडे पंप आहे? पहाटेपासून ऊन येईपर्यंत पाणी खेचून वरून फवाऱ्यासारखं सोडा. खाणं टाकू नका, कुणाला टाकू देऊ नका. मेलेले काढून लांब पुरा. आणि तो पाइप बंद व्हायला पाहिजे."

"तुमी कोन?"

"मी... ते पत्र मला आलं होतं."

पुतळाबाईने त्यांना खालून वर पाहिलं. "म्हंजे जिता हायेस!" तिला क्षणभर आनंद झाला, पण तो टिकला नाही. "जिता हायेस आनि वरीसभर गप बसलास? आमची मासली मेली, ठेका जायला आला, आनि तू कुठं होतास?"

"इथेच. त्या पिवळ्या इमारतीत."

श्यामसुंदरांनी मग जे बोलायचं होतं ते एका दमात बोलून टाकलं. कंपनीचं पाणी या तलावात येताना त्यांना कुठेच दिसलं नाही. येतं ते मंजिरी सोसायटीचं. त्यांच्या घरचंही त्यातच आलं.

"तुमचा संडास? हितं?"

"हो."

पुतळाबाई एकदम हसत सुटली. हसताना तिने पदर तोंडाला लावला. "आनि आमी कंपनीच्या नावानं बोंबलतोय! हापीसात मोर्चा काढनार व्हतो. तुमी सकाली गोल्या टाकता आनि रात्री..." ते वाक्य तिने पुरं केलं नाही. मग हसू थांबवून म्हणाली, "हापीसात हे बोललं तर कोन ऐकनार? बोलतील, बाय खोटं बोलते. कागदावर दे. तुझ्या नावानं. तोंडाचं तिथं चालत नाय."

"देतो."

"नक्की? का आनखी एक वरीस?"

पंप दुपारी आला आणि दुसऱ्या पहाटेपासून चालू झाला. मासे मरायचे थांबले नाहीत, पण कमी झाले. उजाडताना काही कटले पंपाच्या धारेखाली गर्दी करून उभे असत. श्यामसुंदर रोज जाऊन बघत आणि घरी येऊन टेबलाशी बसत.

पहिला मसुदा नेहमीसारखाच झाला. तो त्यांनी फाडला. मग कागदाच्या मधोमध रेघ ओढून एका बाजूला जे डोळ्यांनी पाहिलं ते लिहिलं, दुसऱ्या बाजूला जे ठाऊक नाही ते. दुसरी बाजू मोठी होईल असं त्यांना वाटलं होतं. ती तीन ओळींची झाली. त्यावरून त्यांनी पत्र उतरवलं.

'श्रीमती पुतळा मढवी यांस. आपण विचारलं होतं, मासळी वर का येते. पाण्यात तिला श्वास पुरत नाही म्हणून येते. ती भुकेली नसते. आजार आधी पाण्याला आहे. पावसाळ्यात तो झाकलेला राहतो, पाऊस जाऊन ऊन पडलं की दिसू लागतो. अशक्त झालेल्या मासळीला मग अंगावर चट्टे येतात. थंडी पडताना ते वाढतात. या चट्ट्यांचा जंतू कोणता, हे मला तपासल्याशिवाय सांगता येत नाही. इतर कुठून काही मिसळतं का, हेही मी सांगू शकत नाही. परंतु पावसाळी गटारातून मैला तलावात येतो, हे मी स्वतः पाहिलं आहे. तलाव सांभाळणाऱ्या बायकांचा यात दोष नाही.'

यानंतरची ओळ त्यांनी आधी अशी लिहिली: 'हा मैला जवळच्या एका इमारतीतून येतो.' पेन बाजूला ठेवलं. उठून गॅलरीत गेले. खाली रावसाहेब एका म्हाताऱ्या बाईला रिक्षातून हात धरून उतरवत होते. श्यामसुंदर ते संपेपर्यंत बघत राहिले. मग आत येऊन त्यांनी पान पुन्हा स्वच्छ उतरवलं, आणि तिथे लिहिलं: 'हा मैला मंजिरी सोसायटीतून येतो. मी तिथेच राहतो.' खाली सही केली, आणि सहीखाली, कधी लिहीत नसत ते, फ्लॅटचा नंबरही लिहिला.

एक प्रत पुतळाबाईंना, एक वॉर्ड ऑफिसला. रावसाहेबांनाही एक त्यांनी स्वतः नेऊन दिली. रावसाहेबांनी ती उभ्याउभ्या वाचली, घडी केली आणि म्हणाले, "काका, तुम्ही मला अडचणीत आणलंत." श्यामसुंदर म्हणाले, "हो."

"अरे, तलाव दहा मिनिटांवर आहे," मालतीबाई म्हणाली. "हातात नेऊन दे की. पोस्टात कशाला घालतोस पैसे?"

"हातात दिलं तर ती वाचून काहीतरी विचारेल," श्यामसुंदर म्हणाले, "आणि मी 'कदाचित' म्हणेन."

वाशीच्या पोस्टात स्पीड पोस्टच्या खिडकीशी रांग होती. पुढे कुणी मुलाखतीचे कागद पाठवत होतं, कुणी राखून ठेवलेला चिवडा. श्यामसुंदरांची पाळी आली तेव्हा खिडकीतल्या बाईंनी पाकिटावरचा पत्ता वाचला आणि मान वर केली.

"बोनकोडे? आजोबा, हे तर इथलंच आहे."

"हो," ते म्हणाले. "पाठवा."

बाईंनी वजन केलं, शिक्का मारला, दोन्ही पाकिटं मागच्या पोत्यात टाकली आणि पुढच्या माणसाला हाक मारली.